अशिलाचा भार वकिलावर, वकिलाचा भार कोणावर?

चांदवड : ‘तारीख’ न्यायालय देते, तिचा रोष मात्र वकिलाला झेलावा लागतो. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले प्रलंबित असताना निकाल कधी लागणार, या अशिलाच्या प्रश्नाला चांदवडसारख्या तालुका न्यायालयातील वकिलाजवळ उत्तर नसते. वकिलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा मात्र अजूनही महानगरांपलीकडे फारशी सरकलेली नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १३ हजार वकिलांच्या पाहणीत २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली होती. तालुक्याच्या ठिकाणी या ताणाला आणखी एक पदर असतो. बांधाचा वाद, वाटणीचा दावा, न वटलेला धनादेश किंवा पोटगी, प्रकरण कोणतेही असो. अशील आणि प्रतिपक्ष दोघेही बहुधा ओळखीचे असतात. न्यायालयातील विरोध बाजारात आणि लग्नकार्यातही पाठ सोडत नाही.

नवोदितांची कोंडी अधिक बिकट आहे. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई आहे. दुसरीकडे ज्येष्ठांच्या हाताखालील उमेदवारीत नियमित मानधनाची शाश्वती नसते. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २० हजार, तर ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन देण्याची शिफारस केली. ती बंधनकारक नसल्याने सारी भिस्त ज्येष्ठांच्या इच्छेवर राहिली. शिवाय ग्रामीण भागातील अनेक ज्येष्ठांचे स्वतःचे उत्पन्नच अनियमित असते, हेही नाकारता येत नाही.

त्यात सुरक्षिततेच्या चिंतेची भर पडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये राहुरी येथे वकील दांपत्याचे अपहरण करून हत्या करण्यात आली. त्यानंतर राज्यभरातील वकिलांनी संरक्षण कायद्याची मागणी लावून धरली. राजस्थान विधानसभेने असे विधेयक २०२३ मध्येच मंजूर केले होते.

उपचारांची वाटही सोपी नाही. लहान गावात मानसोपचार घेतल्याची वार्ता पसरली, तर अशील दुरावतील, ही भीती असते. दुसऱ्याची बाजू ठामपणे मांडणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला स्वतःची हतबलता बोलून दाखवणे अवघड जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकावरील विनामूल्य सेवा या दृष्टीने उपयुक्त आहे. घरबसल्या बोलता येत असल्याने गावातील नजरा टाळता येतात.

तथापि, केवळ समुपदेशनाने हा प्रश्न सुटणार नाही. मानधन, संरक्षण आणि आजारपणातील आर्थिक आधार यांची हमी नसेल, तर ताणाचे मूळ कायमच राहील. तालुका वकील संघांनी आजारी सहकाऱ्याची प्रकरणे सांभाळण्याची व्यवस्था उभारली, तरी मोठा दिलासा मिळू शकेल. खचलेला वकील अशिलाची बाजू पूर्ण ताकदीने मांडू शकत नाही. त्यामुळे हा प्रश्न जितका वकिलांचा, तितकाच न्यायाच्या दारी आलेल्या सामान्य माणसाचाही आहे.