त्रेपन्न रविवार

मंडळी, आज थोडं भांडणार आहे. भांडण घरातलंच आहे, पण घरात विषय काढला की "आई, राहू द्या आता" एवढ्यावर मिटतं, म्हणून इथे लिहिते. आपले नातेवाईक वाचतातच. सूनबाईला आधी सांगितलंय की तुझ्याविरुद्ध लिहिणार आहे. ती म्हणाली, "लिहा की." येत्या जानेवारीपासून तिचा तोच बेत पुन्हा सुरू व्हायचाय, तेव्हा आत्ताच बोललेलं बरं.

झालं होतं असं. २०२२ च्या डिसेंबरात तिने कुठेतरी पाहिलं, की काही कुटुंबं वर्षभर दर आठवड्याला एक फोटो काढतात आणि वर्षाअखेर त्याचं पुस्तक करून घेतात. कल्पना मलाही आवडली, हे आधीच कबूल करते. दर रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही सहा जणांनी भवानी पेठेतल्या घराच्या पायरीवर बसायचं, समोर स्टँडवर मोबाईल, दहा सेकंदांचा टायमर. तिसऱ्या रविवारी गड्ड्याची गडबड होती, मुलाच्या अंगात बाराबंदी, नातू पेंगतोय. तो फोटो फार छान आहे. छान अशासाठी, की त्या दिवशी नीट बसायला कुणाला वेळच नव्हता.

मग फोटो 'नीट' यायला लागले. आज सगळ्यांनी निळं घालायचं, आज पिवळं. चैत्रात गच्चीवर जागा नव्हती म्हणून पायरीशेजारी सांडगे घातले होते, ते फोटोपुरते आत गेले. त्या वर्षी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी यायचं. ज्या रविवारी पाणी, त्या रविवारी घरात दुसरं काही सुचत नसे. पिंपं, घागरी, पातेली, सगळं दारात. तरी साडेनऊला पिंपं सरकवायची आणि हसायचं! त्या पुस्तकात एक सुद्धा पिंप नाही. सोलापुरातल्या घराचं एक अख्खं वर्ष, आणि त्यात पाण्याचं पिंप नाही, हे कुणाला खरं वाटेल?

असो. पिंपाचं मी सोडून दिलं असतं.

११ ऑगस्टला हे मोरीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग आतल्या खोलीत खाटेवर. १३ ऑगस्टपासून २४ सप्टेंबरपर्यंत सात रविवार ते पायरीवर येऊ शकले नाहीत. पुढे वॉकर घेऊन हिंडायला लागले, दिवाळीच्या फोटोत खुर्चीवर बसलेत, नवा सदरा घालून. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले. मे महिन्यात पुस्तक आलं.

मी चष्मा लावून एकेक पान बघत गेले. पान तेहतीस ते एकोणचाळीस, सातही पानांवर हे पायरीवर बसून हसताहेत. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग पुन्हा बघितलं. एकोणचाळिसाव्या पानावर गणपतीपुढे सगळे उभे, आणि नातवाला पुढचा दात नाही. तो दात २०२२ च्या पावसाळ्यात पडलेला! शाळेत छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात, मागच्या वर्षीचं उत्तर यंदाच्या पेपरात उतरवलेलं मला कळतं. सातही फोटो जुने होते.

सूनबाईने हे मायेनंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिचं म्हणणं असं: "आई, पुस्तक येणारे-जाणारे बघतात. बाबांना खाटेवरचं कुणी बघावं असं वाटलं असतं का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दवाखान्यातल्या नळ्यांचे फोटो मलाही नकोत. पण येणारे-जाणारे कोण? घरचा अल्बम पाहुण्यांसाठी करायचा हे कधी ठरलं? पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे पाहुणे ठेवून फोटो काढले, तर घरातल्या माणसांना दाखवायला त्यात काय उरणार?

आणि ह्यांना काय वाटलं असतं, हे मला माहीत आहे. २० ऑगस्टला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मुलगा खाटेवर बसून त्यांची दाढी करत होता. वाटीत पाणी, गळ्याभोवती जुना पंचा, हे मान वर करून डोळे मिटून. शेजारचा मुलगा डबा द्यायला आला होता, त्याने मोबाईलवर फोटो टिपला आणि लगेच ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "मिशी वाकडी कापलीस रे." बस. काढून टाक म्हणाले नाहीत. ज्या बापानं मुलाला पहिल्यांदा दाढी करायला शिकवलं, त्याची दाढी मुलगा करतोय. त्या अख्ख्या वर्षातला हा सगळ्यात चांगला फोटो, आणि तो पुस्तकात नाही.

ह्यांना स्वतःला फोटोचा नाद होता. लग्नानंतर वर्षभरात ह्यांनी जुना आग्फा क्लिक थ्री विकत घेतला. एका रोलात फक्त बारा फोटो. बारा म्हटल्यावर माणूस विचार करून बटण दाबतो असं आपल्याला वाटतं, पण हे न सांगता काढायचे आणि आम्ही ओरडायचो. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवून लावलेले ते फोटो अजून आहेत. मागे पेन्सिलीने तारीख.

त्यातला एक. सासूबाई ओसरीवर बसून सुपात काहीतरी पाखडताहेत, डोक्यावरचा पदर घसरलाय, चेहरा वैतागलेला. मागे लिहिलंय, "मिलो. फेब्रुवारी ७३." परवा नात म्हणाली, "आजी, मिलो म्हणजे काय?" एक तास गेला. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट, रेशनवर आलेली ती परदेशी लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची कशी, कडक भाकरी खाणाऱ्या आमच्या सोलापूरकरांनी तिला किती नावं ठेवली आणि तरी खाल्ली, खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलेली गल्लीतली माणसं. हे सगळं एका वैतागलेल्या चेहऱ्यामुळे निघालं. सूनबाईच्या पुस्तकातले बावन्न फोटो बघून नातीने आजवर एकच प्रश्न विचारलाय. "माझा तो निळा फ्रॉक कुठे गेला?"

मुलगा म्हणतो, आई तुला नव्या गोष्टी आवडत नाहीत. चूक. त्यानेच मला नेटवर दाखवलं, की जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या अमेरिकन माणसाने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. रोज एक, अठरा वर्षांहून जास्त. पुढे त्याला मेंदूचा कॅन्सर झाला. त्याने फोटो थांबवले नाहीत. आजारपणाचे दिवसही त्याच ओळीत लागले, आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, त्याच्या वाढदिवशी, तो गेला तेव्हाच मालिका संपली. निकोलस निक्सन म्हणून दुसरे एक आहेत. त्यांनी १९७५ पासून २०२२ पर्यंत दर वर्षी आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एक फोटो प्रसिद्ध केला. चौघी कायम त्याच क्रमाने उभ्या. बऱ्याच फोटोंत कुणी हसत नाही, केस पांढरे होतात, सुरकुत्या येतात. एखाद्या वर्षी चेहरे ओढलेले म्हणून मागच्या वर्षीचा फोटो लावला असता, तर कोण बघायला गेलं असतं?

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या लक्ष्मीबाई टिळकांकडे कॅमेरा नव्हता. 'स्मृतिचित्रे' मध्ये वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे, नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, घरातली ओढाताण आहे. त्यातून फक्त 'छान' पानं ठेवली असती तर किती उरली असती, मोजून बघा.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. वर्षाचा फोटो काढायचा तर त्या रविवारी घर जसं असेल तसा काढा. कुणी तापाने झोपलं असेल तर झोपलेल्याच्या उशाशी बसून काढा. रुसलं असेल तर रुसलेलं येऊ द्या. चुकला फोटो, तर पान कोरं सोडा आणि खाली का चुकला ते लिहा, पण दुसऱ्या रविवारचा उसना आणू नका. मागे तारीख आणि नावं हवीतच. मोबाईलवर आहे म्हणजे आहे, असं समजू नका. लेकीने धाकट्याचं बारसं ऑर्कुटवर लावलं होतं, ते ऑर्कुट २०१४ साली बंद झालं, आणि बारशाचा आज एकही फोटो आमच्याकडे नाही. मिलोचा फोटो मात्र पन्नास वर्षांनंतरही ट्रंकेत आहे.

आणखी एक, हे फक्त मास्तरीण म्हणून. २०२३ ची १ जानेवारी रविवारी होती आणि ३१ डिसेंबरही रविवारीच. म्हणजे त्या वर्षी रविवार त्रेपन्न. पुस्तकवाल्याच्या नमुन्यात पानं बावन्न, म्हणून शेवटचा रविवार गाळला. त्या दिवशी हे वॉकर न घेता पायरीपर्यंत आले होते, भिंत धरून. फोटो सूनबाईच्या मोबाईलमध्ये असेलच, तो मला हवाय.

दाढीचा फोटो मी शेजारच्या मुलाकडून मागून घेतला, चौकातल्या दुकानातून छापून आणला आणि काल दुपारी सगळे झोपलेले असताना चौतिसाव्या पानावर चिकटवला. मागे तारीख लिहिली, दाढी कोण करतंय ते लिहिलं, वाटी कुठली तेही लिहिलं. ते पान इतकं गुळगुळीत आहे की डिंक धरत नाही, कोपरा उचलला गेलाय. नातवाला फेव्हिकॉल आणायला पाठवलंय. सहा पानं अजून बाकी आहेत. त्या रविवारांचे कुणाकडे काही फोटो असतील, कसेही असोत, तर पाठवा.