थोरांना घेऊन पुतळे बघायला

रब्बीची पेरणी उरकली, ज्वारी गुडघ्याला लागली, की शेतकऱ्याच्या घराला आठ-दहा दिवस थोडी उसंत मिळते. नोकरदारांचा शनिवार-रविवार दर आठवड्याला येतो. आपला तसा आपोआप येत नाही, तो हंगामातून काढून घ्यावा लागतो. या उसंतीत दोन दिवस कुठे जाऊन यावे असा विषय निघाला, तर देवदर्शन नाही तर कुणाचे लग्नकार्य, यापलीकडे आपली गाडी जात नाही. आणि ठरलेच तर जातात कोण? तरणी पोरे आणि बाप्ये. म्हातारा-म्हातारी घर राखायला मागे, आणि घरची बाई धारा काढायला मागे. यंदा हे उलटे करून बघा. जिथे म्हाताऱ्या माणसांवाचून चालणारच नाही, अशा ठिकाणी सहल काढा.

कोल्हापूरच्या आसपास अशी दोन दिवसांची सहल चांगली जमते. बघायचे ते पुतळे आणि शिल्पे, तीही बहुतेक उघड्यावरची. शनिवारी कणेरी, संध्याकाळी कोल्हापूर शहर, रविवारी खिद्रापूर.

कोल्हापूरपासून बारा-एक किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू रस्त्याच्या आत कणेरीचा सिद्धगिरी मठ आहे. तिथे मठाने या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामजीवन संग्रहालय उभे केले. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. इथे तसे नाही. सात-आठ एकर रानात आख्खे गाव वसवले आहे आणि त्यात सुमारे ३०० माणसे आहेत, सगळी सिमेंटची, माणसाएवढी, रंगवलेली. लोहार ऐरणीशी, कुंभार चाकाशी, तेली घाण्याशी, न्हावी वस्तरा घेऊन बसलेला. औत धरलेला शेतकरी आहे, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया आहेत. पोरे आधी लांबूनच बघतात, मग हळूच जाऊन हात लावून बघायला निघतात. त्यांना आवरा, रंग उडतो.

आता यातले पोरांना कळते किती? ट्रॅक्टरच्या जमान्यात जन्मलेल्या पोराला औत म्हणजे चित्रातली वस्तू. पाटीवर चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचून पोरगे पुढे पळते. इथे आजोबांची गरज लागते. औताशी थांबलात की त्यांना विचारा, हळस कुठली, रुमणे कुठले, दिंड कशाचे करायचे, जू कुठल्या लाकडाचे हलके पडायचे. विहिरीशी आलात की मोटेचे विचारा. बैल धावेवरून खाली जाताना मोट वर यायची आणि मग तेच बैल पाठमोरे मागे मागे सरकत वर यायचे, हे सांगितल्याशिवाय पोरांना खरे वाटत नाही. नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, मोट थारोळ्यात रिकामी व्हायची ती कशी, दिवसभरात किती वाफे भिजायचे, हे सांगणारा माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढचा आहे. आणखी दहा वर्षांनी पुतळे तसेच उभे असतील, पण त्यांच्याशेजारी उभे राहून सांगायला घरात कोण असेल याचा विचार करा. आजीचेही तसेच. जाते, उखळ, मुसळ यांच्यापाशी तिला घाईने पुढे नेऊ नका. तिने पहाटे किती दळण दळले आहे ते नातसुनेला ऐकू द्या. घरातल्या एखाद्या पोराला वही देऊन ही नावे उतरवून घ्यायला सांगितलेत तर फारच चांगले. पाटीवर न लिहिलेले पुष्कळ त्या वहीत येईल.

कणेरीचे पुतळे बघताना एक गोष्ट मात्र मनात ठेवा. हे गाव फार सुखाचे आहे. सगळे आपापल्या कामात मग्न, कुणाच्या कपाळाला आठी नाही. शिल्पकाराने कौशल्याच्या बाजूने गाव दाखवले आणि ते कौशल्य होतेच, त्यात शंका नाही. पण बलुत्याला कामाचा दाम ठरवता येत नव्हता. वर्षभर राबून सुगीत खळ्यावर पसा पसरायचा, आणि देणारा देईल ते घ्यायचे. महारकी तर रात्री-अपरात्री सरकारी हाकेला ओ देण्याची, आणि मोबदला म्हणून तुकडाभर इनाम. सिमेंटच्या विहिरीवर सगळ्याच बाया हसतमुखाने पाणी भरताना दिसतात, पण खऱ्या गावात त्या विहिरीवर कुणी यायचे आणि कुणी लांब उभे राहून कुणी ओंजळीत घालील म्हणून वाट बघायची, हे ठरलेले असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या या जोखडाविरुद्ध विधेयक आणले, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आजोबा मोटेचे सांगतील तेव्हा हेही सांगायला सांगा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. कधी कधी सांगायला जड जाते, तरी पण विचारा.

याच कारणासाठी संध्याकाळी कोल्हापुरात परतल्यावर बिंदू चौकात जावे असे मला वाटते. अंबाबाईचे दर्शन घरातल्या बाया सोडणार नाहीत, सोडूही नये. बिंदू चौक देवळापासून पायी जाण्याइतका जवळ आहे. तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. यासाठी पुढाकार भाई माधवराव बागल यांचा, आणि फुल्यांचा पुतळा घडवला बाबुराव पेंटर यांनी. पेंटर हे नाव कामावरून पडलेले, मूळ आडनाव मेस्त्री. घराणे सुतार-लोहारकामाचे, तेव्हा कणेरीत आपण सकाळी जे हात बघितले तेच हे हात म्हणायचे. सिनेमाचा कॅमेराही त्यांनी खटपटीने इथेच तयार केला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' हा बोलपट येण्याच्या आधीच्या काळातला मूकपट काढला. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, आणि तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याला शंभरावर वर्षे झाली. त्यांचा पुतळा शेतकऱ्यांचा सिनेमा काढणाऱ्या माणसाने करावा हे मला फार शोभून दिसते. चौकात रहदारी फार, पोरांचा हात धरा.

रविवारी सकाळी लवकर उठून खिद्रापूर गाठायचे. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे देऊळ आहे. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर पडते. शिलाहारांच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले हे काम, आणि यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि मधोमध छत नाही, गोल मोकळे आभाळ. खाली तेवढीच गोल शिळा. खांब दगडाचे, पण कातलेल्या लाकडासारखे गुळगुळीत, एकावर एक वळ्या. सुतारकामाची आवड असलेला पोरगा तिथून हलत नाही. देवळाला वळसा घाला. खाली नव्वदांवर हत्ती एका ओळीने देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. पुष्कळांच्या सोंडा तुटलेल्या आहेत, तरी चालण्याचा डौल गेलेला नाही. आणि शंकराचे देऊळ असून समोर नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे असे सांगतात, त्यामागे सतीची आणि कोपलेल्या शंकराची कथा आहे. ती आजीला ठाऊक असण्याचा संभव पुष्कळ. पावसाळ्यात मात्र तिकडे जाऊ नका. २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्याने पुराचे काय भोगले ते सगळ्यांना माहीत आहे.

बेळगावकडच्या वाचकांना कोल्हापूर उलट्या दिशेला पडत असेल, तर त्यांनी हुबळीच्या पुढे शिग्गावजवळ गोटगोडीची शिल्पबाग बघावी. सोलबक्कनवर या चित्रकार-शिल्पकाराने उत्तर कर्नाटकातले खेडे तिथे पुतळ्यांतून उभे केले आहे.

आता मुख्य अडचणीचे बोलू, म्हणजे जनावरांचे. दूध दोन वेळा डेअरीला घालायचे असते, आणि तेवढ्याच कारणाने घरची बाई कधी बाहेर पडत नाही. यावर उपाय जुनाच आहे, सावड. पेरणीला, भांगलणीला आपण सावडीने जातो, तशी धारेची सावड करा. शेजारचे घर या शनिवार-रविवारी तुमच्या धारा काढील, पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्या. बाहेरचा माणूस आला की म्हैस पान्हा चोरते, म्हणून शेजारणीला जाण्याच्या चार दिवस आधीपासून तुमच्या बरोबर गोठ्यात यायला सांगा, खुराक तिच्या हाताने घालू द्या, शेवटच्या दोन वेळा धार तिलाच काढू द्या. वासराची वेळ, कुठल्या गाईला पाय बांधावा लागतो, दुखऱ्या सडाला कसा हात लावायचा, हे तोंडी न सांगता प्रत्यक्ष दाखवा. दुधाचे पैसे कुणाच्या नावावर जमा होतील ते आधीच बोलून घ्या, मागून कुरबूर नको. उसाची तोड येण्याचे वारे असले तर सहल पुढे ढकला. टोळी सांगून येत नाही.

खर्चाचे फार अवघड नाही. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे ज्यांना आपण खर्च नको म्हणून मागे ठेवत होतो, त्यांचाच खर्च सगळ्यांत कमी. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड पिशवीत असू द्या. कणेरीला तिकीट आहे आणि चालणे पुष्कळ, तेव्हा ऊन चढायच्या आत आत शिरा, म्हाताऱ्या माणसाला दर थोड्या वेळाने सावलीला बसवा. दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली बरोबर असली की हॉटेल शोधायची घाई होत नाही. खिद्रापूरला जायला कुरुंदवाडपर्यंत एसटीने जाऊन पुढच्या गाडीची वेळ आणि परतीची वेळ तिथेच विचारून ठेवा. चार घरांनी मिळून जीप केली तर सोयीचे, आणि चार आजोबा एका जीपमध्ये बसले की मोट कुणाची मोठी होती यावरून रस्ताभर वाद चालतो, तो ऐकण्यासारखा असतो. रविवारच्या संध्याकाळच्या धारेला घरी पोचायचे असेल, तर दुपारी बाराच्या आत खिद्रापूर सोडा.