कष्टाळू विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत मागें कां पडतात ?

मृग नक्षत्र लागलें कीं आमच्या खेड्यांतून दोन गोष्टींची वाट पाहिली जाते : एक पावसाची व दुसरी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या निकालाची. 'नीट' या नांवाच्या ह्या परीक्षेचा निकाल २०२५ सालीं १४ जूनला, ऐन पेरणीच्या धामधुमींत लागला. त्या सायंकाळीं आम्ही एका स्नेह्यांच्या ओट्यावर बसलों होतों. त्यांचा मुलगा दोन वर्षें शहरांतील शिकवणीच्या वर्गांत होता. पहाटे चारला उठे व रात्रीं अकरापर्यंत पुस्तक खालीं ठेवीत नसे. गुण आले ७२० पैकीं ३१०. वडील म्हणाले, "यानें कष्टांत कसूर केली असती तर मीं चार शब्द बोललों असतों. आतां बोलूं तरी काय ?" आणि लागलीच त्यांनीं दुसरा प्रश्न टाकला : विहिरीजवळचें एकर विकून याला आणखी एक वर्ष द्यावें काय ?

हा प्रश्न आज आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आहे. म्हणून त्याविषयीं जें वाटतें तें येथें लिहितों.

प्रथम आंकडा पाहावा. २०२५ सालीं या परीक्षेस २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशांत एम्. बी. बी. एस्. च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतहि शेतकऱ्यास पेलेल अशा शुल्काच्या जागा थोड्याच. म्हणजे सर्वांनीं सारखेच कष्ट केले तरी सुमारें अठरांतील सतरा रित्या हातानें परतणारच. हें ध्यानांत न घेतां जो बाप मुलाला आळशी ठरवितो, तो त्याच्यावर अन्याय करतो.

परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. कष्ट करूनहि एखादा मुलगा त्याच बुद्धीच्या दुसऱ्याच्या मागें पडतो, याचीं कारणें कष्टांच्या प्रकारांत आहेत. नीरेच्या व कृष्णेच्या कालव्यांखालीं पाणी अधिक तर ऊस अधिक, अशा समजुतीनें पाट सोडून जमिनी खार झाल्या, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. अभ्यासाचेंहि तसेंच होतें. आमचे विद्यार्थी वाचलेलेंच पुन्हा पुन्हा वाचतात. तिसऱ्या वाचनास पान ओळखीचें वाटतें, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं यासंबंधीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. इतरांनीं एकदां वाचून नंतर पुस्तक मिटून आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं पाहतां दोनदां वाचणारे पुढें होते : शेंकडा ८१ विरुद्ध ७५. आठवड्यानें मात्र त्यांस शेंकडा ४२ आठवलें व लिहिणारांस ५६. परीक्षा पांच मिनिटांनीं नसते.

सोयाबीनचें घरचें बीं पेरण्यापूर्वीं आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण पाहतों. सत्तरांहून कमी उगवले तर बियाणें वाढवितों किंवा बदलतों. मुलाच्या अभ्यासाची उगवण मात्र मे महिन्यापर्यंत कोणी पाहत नाहीं. वर्गांत चांचण्या होतात, नाहीं असें नाहीं. पण गुण भिंतीवर लागतात, मुलगा वरच्या किंवा खालच्या तुकडींत जातो, आणि चुकलेला प्रश्न तसाच राहतो. पदार्थविज्ञानांत तर फळ्यावर दुसऱ्यानें सोडविलेलें गणित समजलें म्हणजे आपणांस आलें असें मुलें धरून चालतात. दुसऱ्याचें औत पाहून कोणास तास सरळ धरतां आला आहे ?

पहाटे चार ते रात्रीं अकरा, ही तर कौतुकाची नव्हे, काळजीची गोष्ट होय. दिवसा शिकलेलें झोपेंत पक्कें होतें. झोप तोडणारा विद्यार्थी गोठ्याची दावण कापून बैल बांधूं पाहतो.

भाषेची अडचणहि आहे. दहावीपर्यंत मराठींत शिकलेला मुलगा अकरावीस एकदम इंग्रजी ग्रंथांत पडतो. प्रश्नपत्रिका मराठींतहि मिळते. परंतु सरावाचें साहित्य बहुतेक इंग्रजींत, आणि भाषांतरांत फरक पडल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण. या मुलास एकेक प्रश्न दोनदां वाचावा लागतो. आणि २०२५ सालीं १८० प्रश्नांस १८० च मिनिटें होतीं.

आतां स्नेह्यांच्या मुलाकडे वळूं. परीक्षा घेणारी संस्था उत्तरसूची व प्रत्येकाच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा उपलब्ध करून देते. तीं समोर ठेवून आम्ही मुलासह मोजणी केली. बरोबर ९५, चूक ७०, सोडलेले १५. बरोबरास चार गुण मिळतात व चुकीस एक जातो. म्हणून ३८० तून ७० वजा, ३१०. मग चुकलेल्या सत्तरांचे तीन ढीग केले. २१ प्रश्न येत होते, पण 'नाहीं' हा शब्द निसटला किंवा बेरीज चुकली. ३३ वाचलेले होते, पण आठवले नाहींत. उरलेले १६ निव्वळ अंदाज. सोडलेले पंधराहि पदार्थविज्ञानाचे. तेथवर जावयास वेळच उरला नव्हता. येत असलेला प्रश्न चुकला कीं पांच गुणांचा फरक पडतो. त्या एकवीस प्रश्नांतच १०५ गुण सांडले. तेवढे सांवरले असते तरी ४१५ च होतात, व तेवढ्यावर सरकारी जागा मिळतीच असें म्हणवत नाहीं. परंतु घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें कीं अडचण कोठें आहे, मुलालाहि नाहीं.

आमचें मत आम्हीं तेथेंच सांगितलें : एकर विकूं नये. दुसरें वर्ष द्यावयाचें तर या ढिगांच्या बोलीवर द्यावें. आठवड्यास एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, आणि तिच्या चुका तपासण्यास सोडविण्यापेक्षां अधिक वेळ द्यावा. दिवाळीपर्यंत मधला ढीग उतरला नाहीं तर हट्ट सोडावा. पशुवैद्यकाचे प्रवेशहि महाराष्ट्रांत याच परीक्षेच्या गुणांवर होतात. गुरें बाळगणाऱ्या घरानें तो मार्ग कमी प्रतीचा कां मानावा, हें आम्हांस कळत नाहीं.

मुलगा घरींच राहिला. दिवाळींत त्याची वही पाहिली. मधल्या ढिगांत तेहतिसांचे एकोणीस झाले होते. पदार्थविज्ञानाचे सुटणारे प्रश्न मात्र अकरा होते. एकर अद्याप त्यांच्याच नांवावर आहे व त्यांत हरभरा उभा होता.