जीवाणू मेले, विष उरले: वीज गेल्यावर दुधाचे काय होते?

दुधाच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे भेसळीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. युरिया, डिटर्जंट, पाणी यांवर छापे पडतात, बातम्या होतात. पण कुठलीही भेसळ नसलेले दूधही हजारो लोकांना आजारी पाडू शकते. दूध उत्पादक, संकलन केंद्रचालक आणि विस्तार कार्यकर्ते यांनी हा धोका नीट समजून घ्यायला हवा.

विषय आताच का?

जानेवारी २०२६ मध्ये नेस्ले कंपनीने अनेक देशांतून बाळांच्या दूध पावडरीचे काही लॉट परत मागवले. पावडरीत वापरलेल्या एका तेलातून ‘सेरेउलाइड’ हे जीवाणूंनी तयार केलेले विष आले असण्याची शक्यता होती. हे विष गरम पाण्याने नष्ट होत नाही. या निमित्ताने एक जुना तपास पुन्हा वाचण्यासारखा आहे. तो जपानचा आहे, पण त्यातली परिस्थिती आपल्या गावातल्या बल्क कूलरच्या खोलीत कधीही उद्भवू शकते.

ओसाकात काय घडले?

स्नो ब्रँड ही जपानमधली नावाजलेली दूध कंपनी. तिचे मूळ होक्काइडो बेटावरील दूध उत्पादकांनी १९२५ मध्ये उभ्या केलेल्या सहकारी संस्थेत आहे. जून २००० मध्ये ओसाका आणि आसपासच्या भागात तिचे कमी फॅटचे दूध पिऊन लोकांना काही तासांतच उलट्या-जुलाब होऊ लागले. पहिल्या तक्रारी २७ जूनला आल्या, पण लोकांना जाहीरपणे सावध केले गेले ते २९ जूनला. तोवर घरोघरी ते दूध प्यायले जातच होते. बाधितांचा आकडा १३,४२० वर गेला.

तपास आधी कुठे अडकला?

आजारी लोकांनी काय खाल्ले-प्यायले याची विचारपूस करत अधिकारी ओसाकाच्या कारखान्यापर्यंत पोहोचले. तिथे एका व्हॉल्व्हमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू सापडला. तो व्हॉल्व्ह दर आठवड्याला धुवायचा होता, पण धुतला गेला नव्हता. चोर सापडला असे सर्वांना वाटले.

पण हिशेब जुळेना. एवढ्याशा व्हॉल्व्हमुळे इतक्या मोठ्या मालात विष कसे येईल? मग तपास मागे सरकला आणि दूध बनवताना वापरलेल्या कच्च्या मालाची पाळी आली. ऑगस्टमध्ये उत्तर मिळाले. होक्काइडोतील ताइकी कारखान्यातून आलेल्या स्किम मिल्क पावडरीतच स्टॅफचे ‘एंटेरोटॉक्सिन ए’ हे विष होते.

ताइकीच्या नोंदी तपासल्यावर सगळी साखळी उलगडली. ३१ मार्च २००० रोजी छतावरचा बर्फ कोसळून विजेच्या खोलीत पाणी शिरले आणि सुमारे तीन तास वीज गेली. यंत्रातले दूध कोमट अवस्थेत पडून राहिले. त्या दुधाच्या काही पावडरीत जीवाणूंची संख्या कंपनीच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. ती फेकली गेली नाही. पाण्यात विरघळवून ती १० एप्रिलच्या नव्या पावडरीत मिसळली गेली. नवी पावडर तपासणीत उत्तीर्ण झाली, कारण उष्णतेने जीवाणू मेले होते. विष मात्र तसेच होते.

उकळल्यावरही विष का राहते?

आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘दूध उकळले की सगळे मरते.’ त्यातले अर्धेच खरे आहे. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पाश्चरायझेशन केल्यावर स्टॅफ मरतो. पण मरण्याआधी त्याने दुधात सोडलेले विष पाश्चरायझेशनने जात नाही आणि घरच्या उकळण्यानेही त्याची खात्री देता येत नाही.

हा जीवाणू बाहेरून शोधून आणावा लागत नाही. कासदाह झालेल्या गाई-म्हशीचे सड, धार काढणाऱ्याच्या हातावरची जखम, नाक ही त्याची घरे. धारोष्ण दूध ३७-३८ अंशांचे असते आणि तेच त्याला सर्वाधिक मानवते. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट धरली, तर तीन तासांत ती ६४ पट होते. एका मिलिलिटरमध्ये साधारण एक लाखाच्या पुढे संख्या गेली की विषाचा धोका सुरू होतो. अशा दुधाला वास येईलच किंवा ते फाटेलच असे नाही.

एमबीआरटी चाचणी जिवंत जीवाणूंची हालचाल दाखवते. गरम केलेल्या दुधात उरलेले विष ती दाखवू शकत नाही. म्हणून विष तयारच होऊ न देणे हाच उपाय.

आपल्या केंद्रावर काय करावे?

- कासदाह झालेल्या जनावराचे दूध वेगळे काढा, केंद्रावर देऊ नका. हाताला जखम असेल तर धार दुसऱ्याने काढावी.
- धार काढल्यापासून दूध लवकरात लवकर केंद्रावर पोहोचवा आणि ४ अंशांपर्यंत थंड करा.
- वीज गेली की बंद कूलरमध्ये नवे कोमट दूध ओतू नका. आधीचे थंड दूध बराच वेळ थंड राहते, नव्या दुधाने ते तापते.
- दर अर्ध्या तासाला तापमान पाहून वहीत लिहा. वीज गेल्याची, आल्याची वेळही लिहा.
- तापमान १० अंशांच्या वर गेले तर ते किती वेळ वर होते हे संघाला कळवा. ते दूध पुन्हा थंड करून चांगल्या दुधात मिसळू नका.
- असे दूध खवा, पनीर किंवा पेढ्यासाठी वळवू नका. आटवल्याने विष जात नाही. ताइकीतली चूक हीच होती.
- विषबाधेची तक्रार आली तर उरलेले दूध फेकू नका. झाकून, तारीख-वेळ लिहून थंड जागी ठेवा आणि आरोग्य किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना द्या. त्या लॉटचे वाटप लगेच थांबवा.

नुकसान कोण सोसणार?

खरा प्रश्न इथे आहे. मी ज्या केंद्रांवर जातो, तिथे फॅट आणि एसएनएफचे रकाने पॉइंटपर्यंत भरलेले असतात, तापमानाचा रकाना बहुधा कोरा. यात केंद्रचालकाचा आळस आहेच, पण हिशेबही आहे. दर फॅट-एसएनएफवर ठरतो. पाचशे लिटर दूध तापले हे खरे लिहिले, तर ते पैसे त्याच्या अंगावर येणार. मग तो लिहील कशाला? गुपचूप थंड करून पुढे पाठवेल.

म्हणून दूध संघांनी हे आधीच ठरवायला हवे. वीज गेल्याने दूध टाकावे लागले आणि नोंद खरी असेल, तर नुकसान संघ, केंद्र आणि उत्पादक यांच्यात कसे वाटायचे, याचा लेखी नियम करा. जनरेटरच्या डिझेलचा खर्च कोणाचा, तेही त्यात लिहा. पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून तुम्हीच हा विषय मांडा.

स्नो ब्रँडला हा धडा आधीही मिळाला होता. १९५५ मध्ये तिच्या याकुमो कारखान्यातल्या पावडरीने टोकियोतील शाळकरी मुलांना विषबाधा झाली होती. तिथेही वीज गेली होती आणि तिथेही कारण स्टॅफच होते. पंचेचाळीस वर्षांत तो धडा विसरला गेला. २००० नंतर लोकांचा विश्वास उडाला, पुढे आणखी एका घोटाळ्याची भर पडली आणि २००३ मध्ये पिण्याच्या दुधाचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत विलीन करावा लागला. शेतकऱ्यांनी उभे केलेले नाव काही कॅन दूध वाचवण्याच्या नादात गेले.

आज संध्याकाळी दूध घालायला जाल, तेव्हा कूलरवरचे तापमान स्वतः वाचा आणि ते वहीत लिहिले आहे का, एवढे विचारा.