वेचणीच्या दिवसांत बाळ कोणाकडे?

दिवाळीच्या मागेपुढे बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पऱ्हाटीची बोंडं फुटतात आणि पहाटेचा गारवा अंगाला झोंबायला लागतो. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या पट्ट्यात कापसाची घाई. घाटावर सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी चाललेली. बुलढाणा शहर तर साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेलं, तिथे थंडी आधी पोचते. या दिवसांत ज्या घरात दोन-चार महिन्यांचं बाळ आहे त्या घराला सल्ल्यांची ददात नसते. कानटोपी घाला, कोमट तेलानं चोळा, उन्हात धरा, ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेका. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतूनही दरवर्षी हाच मजकूर येतो आणि त्यातलं बरंचसं बरोबर असतं. पण हे सगळे सल्ले एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे बाळाची आई दिवसभर त्याच्याजवळ आहे. मजुरीवर चालणाऱ्या घरांत ऑक्टोबर ते जानेवारी नेमकं हेच खरं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की, थंडीतल्या बाळाचा प्रश्न पांघरुणाचा कमी आणि आईच्या वेळेचा जास्त आहे. तो वेळ कापसाचा हंगाम घेतो, तेव्हा त्याची भरपाईही हंगामाच्या हिशेबातच धरायला हवी.

आधी बाळाच्या शरीराचं पाहू. मोठ्या माणसाला थंडी वाजली की ते कुडकुडतं आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला हे नीट जमत नाही. त्याच्याकडे मानेभोवती आणि पाठीवर तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो, तो जाळून ते अंग गरम ठेवतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाकडे हा साठाही तोकडा असतो. शिवाय वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा विस्तार मोठा, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. ती भरून काढायला इंधन लागतं आणि ते इंधन म्हणजे दूध. पहिल्या महिन्यांत दिवसाला आठ ते बारा वेळा पाजावं लागतं ते एवढ्यासाठी. बाळ उबदार राहणं आणि बाळ वेळेवर पिणं ही एकच गोष्ट आहे, आणि दोन्हींसाठी लागणारं माणूसही एकच आहे.

हे नुसतं मायेचं बोलणं नाही, ते मोजून झालेलं आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. गरजेपोटी काढलेली ही तोड पुढे शास्त्र झाली. आपल्याकडे हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दीड ते सव्वादोन किलो वजनाची आठ हजारांहून अधिक बाळं त्यात होती आणि छातीशी धरण्याचं काम इस्पितळात नाही, घरीच करायचं होतं. ज्या घरांना हे शिकवलं आणि ज्यांच्याकडे कार्यकर्त्या जात राहिल्या, तिथे सहा महिन्यांच्या आतले मृत्यू सुमारे पाव हिश्शानं घटले. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९९ मध्ये, गडचिरोलीतून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दाखवून दिलं होतं की गावातलीच शिकवलेली बाई घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहते तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरू शकतं. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, तो पायंडा तिथूनच देशभर गेला. विदर्भातली ही गोष्ट विदर्भातच कमी सांगितली जाते, हे नोंदवून पुढे जातो.

आता बेचाळिसावा दिवस आणि आपला सव्वा महिना जवळपास एकाच जागी येऊन थांबतात, हे पाहण्यासारखं आहे. जुन्या रीतीत बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नसत. त्या रीतीतलं सोवळंओवळं मला मान्य नाही आणि बंद खोलीत बाजेखाली ठेवलेली कोळशाची शेगडी तर धोक्याची आहे. तिचा धूर आणि वायू बाळाच्या फुप्फुसाला थंडीइतकाच घातक. पण धूर सोडून दिला तर मागे उरतं ते आईला मिळालेलं सलग सव्वा महिन्याचं बसणं. डिंकाच्या लाडवांनी दूध वाढतं की नाही यावर वाद घालता येईल; लाडू करून देणारं घर तिला बसूही देतं, आणि खरा गुण बहुधा त्या बसण्यात असावा. अडचण पुढची आहे. दूध सहा महिने फक्त आईचं हवं, असं जगभरचं आरोग्यशास्त्र सांगतं. सव्वा महिना संपतो, आशाताईंची पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, आणि श्रावण-भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचा सव्वा महिना संपतो तेव्हा शेतात बोंडं फुटलेली असतात.

कापूस वेचणं हे काम असं आहे की ते आईचा वेळ अर्धवट घेतच नाही. वेचणी बहुतेक सगळी बायांच्या हातची आणि मजुरी किलोवर. दिवसाच्या रोजावर असणारी बाई वीस मिनिटं झोळीपाशी गेली तर मालक कुरकुरेल. किलोवर असणारीचं नुकसान थेट तिच्याच ओटीत दिसतं. त्यात भर म्हणजे कापसाला पालापाचोळा चिकटू नये म्हणून सकाळच्या थंड वेळेत वेचावं, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. कापसाच्या प्रतीसाठी तो योग्यच आहे, पण बाळाला आईच्या अंगाची सर्वांत जास्त गरज असते ती याच वेळी. गुलाबी बोंडअळी आल्यापासून फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवरचं लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, असा आग्रह आहे. म्हणजे पूर्वी फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेंगाळणारी वेचणी आता थंडीच्या ऐन महिन्यांत दाटते, अवकाळीचं भय वेगळंच. बाळ मग धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत तरी असतं, नाहीतर घरी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. तिची शाळा बुडते ती बुडते. केंद्र सरकारची न्यूमोनियाविरुद्धची 'सांस' मोहीम दरवर्षी १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी चालते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त वेळा चालला, छाती आत ओढली जाऊ लागली की दवाखाना गाठा, असं त्यात सांगतात. पण तो श्वास मोजणार कोण? बाळाचं रोजचं श्वास घेणं ज्याला ठाऊक आहे त्यालाच बदललेला श्वास कळतो.

बापाचं काय, हा प्रश्न इथे यायलाच हवा. छातीशी धरायला बापही चालतो, शास्त्राची त्याला हरकत नाही. पण याच दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि शेतीपंपाची वीज कितीतरी गावांत आठवड्याचे काही दिवस रात्रीच येते. बाप रात्री बॅटरी घेऊन पाणी फिरवायला जातो, आई सकाळी वेचणीला, आणि घर चोवीस तासांत क्वचितच पुरं भरतं. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषिवाहिनीची योजना आहे. तिची चर्चा विंचूकाटा, साप आणि रानडुकरांच्या अंगानं होते, ती व्हावीच. रात्री घरात दुसरं मोठं माणूस असणं हा बाळाच्या तब्येतीचाही मुद्दा आहे, हे मात्र वीज मंडळाच्या कोणत्याही बैठकीत निघत नसावं.

यावर पहिला आक्षेप असा की घरी आजी असते की. असते, आणि तिच्या मांडीची ऊब खरी आहे. पण गावातल्या मजूर घरात आजी म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीची बाई, आणि हंगामात तीही त्याच शेतात असते. ती घरी थांबली तरी दूध देऊ शकत नाही. मग गाईचं किंवा शेळीचं दूध पाण्यात मिसळून बाटलीनं सुरू होतं आणि थंडीतल्या खोकल्याला जुलाबाची जोड मिळते. आईनं स्वच्छ भांड्यात काढून झाकून ठेवलेलं दूध साध्या तापमानाला चार तास टिकतं आणि वाटी-चमच्यानं पाजता येतं, हे आजीला कोणी तरी बसून समजावलं पाहिजे. तेवढं झालं तर आजीचा आक्षेप निम्मा खरा ठरेल.

दुसरा आक्षेप जास्त अभिमानानं घेतला जातो: आमच्या आयांनी धुऱ्यावर झोळीतच वाढवली पोरं, काय झालं? हे म्हणणारा माणूस झोळीतून जगून बाहेर आलेला असतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. ही घट लशींमुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे, रस्त्यांमुळे झाली, झोळीमुळे नाही. जे उरले आहेत त्या मृत्यूंत नवजात बाळं आणि न्यूमोनिया यांचा वाटा मोठा आहे आणि तिथे औषधाइतकंच जवळ असणारं माणूस लागतं.

तिसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. मजुरी सोडून घरी बसा, हे सांगायला लेखणी पुरते. चूल कोण पेटवणार? हंगामातल्या या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवरच पुढचं उन्हाळ्यापर्यंतचं घर चालतं. म्हणून मी आईला उपदेश करायच्या बाजूचा नाही. हिशेब पाहा. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. असंघटित बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर रोज ३१२ रुपये ठरला. त्या दरानं पाच हजार म्हणजे सोळा दिवस. २६ आठवड्यांचे, सहा दिवसांचा आठवडा धरून, ४८ हजारांवर जातात. एकाच राज्यातल्या दोन बाळांच्या वाट्याला येणाऱ्या आईच्या वेळेत एवढं अंतर असेल तर कानटोपीच्या सल्ल्यांना फारसा अर्थ राहत नाही.

ही रक्कम उद्या दहापट होईल, या भ्रमात मी नाही. पण मधला रस्ता आहे आणि तो नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायका जास्त असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचं केलं. १९५१ च्या कायद्यानं चहा-कॉफीच्या मळ्यांना. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की एका बाईला मजुरी देऊन त्यांच्यापाशी ठेवण्याची तरतूद आली. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरं काढली. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या विकासवाडीत तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली होती. धाकटं भावंड पाळणाघरात असलं की थोरली बहीण शाळेत बसू शकते, हा त्यामागचा साधा विचार. कापसाचं शेत या सगळ्यातून सुटलं, कारण इथे मालक शेकडो आणि प्रत्येकाकडे मजूर दहा-पंधरा. अंगणवाडी आहे, पण तिथे बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. वेचणीच्या शिवाराजवळ एक कोरडी, धूर नसलेली खोली आणि दोन मजुरीच्या बाया असल्या तर आईला दिवसातून दोन-तीनदा येऊन पाजता येईल. दर वेळी गेलेल्या वेळेची नुकसानी तिची एकटीची राहू नये यासाठी किलोच्या दरावर थोडी भर बसवावी लागेल, हेही मान्य करायला हवं.

शेतकरी म्हणेल, भाव मिळत नाही आणि वरून हे ओझं. त्याचं खरं आहे, त्याच्यावर टाकूही नये. कापसाची किंमत शेतापाशी संपत नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला गेला तो कापसाच्या व्यापारासाठी. गाठींच्या सोयीसाठी रूळ टाकण्याइतका पैसा तेव्हापासून या पिकात आहे. बाजार समित्या प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेतात. ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात आणि ते पुष्कळदा शिलाई यंत्रं नि सतरंज्यांत संपतात. १५ ऑगस्टची ग्रामसभा वेचणीच्या दोन महिने आधी येते. ऑक्टोबरात गावात सहा महिन्यांखालची बाळं किती असतील याचा अंदाज आशाताईच्या वहीतल्या गरोदर बायांच्या नोंदींवरून त्या दिवशीच काढता येतो. बहुतेक गावांत ती संख्या दोन आकडी होताना मारामार. एवढ्या बाळांसाठी समाजमंदिराची एक खोली, दोघींची तीन महिन्यांची मजुरी आणि पाजायला येण्याची वेळ ठरवणं, हा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घ्यायला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.