रीसेलिंगची कमाई: १०० ऑर्डर गेल्या, हातात किती उरलं?

घरबसल्या महिन्याला ५० हजार कमवा, दुकान नको, शिक्षण नको, फक्त मोबाइल हवा. अशी रील्स हल्ली रोज दिसतात. पुरावा म्हणून अ‍ॅपवरच्या विक्रीच्या आकड्यांचा स्क्रीनशॉटही दाखवला जातो. तो स्क्रीनशॉट बऱ्याचदा खोटा नसतो. मात्र त्यात दिसते ती विक्री. कमाई हा वेगळा आकडा आहे.

दुसऱ्याचा माल घ्यायचा, त्यावर आपला नफा चढवायचा आणि ऑनलाइन विकायचा, हे झालं रीसेलिंग. भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकसारख्या गावातूनही आज ते करता येतं. खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून साताऱ्याकडे जाताना, नसरापूरच्या अलीकडे महामार्गालगत हे गाव लागतं. पुण्यातल्या रविवार पेठेचा, बोहरी आळीचा घाऊक बाजार इथून एका दिवसात करून येता येतो. पार्सल न्यायला महामार्ग आहे, पैसे घ्यायला यूपीआय आहे.

मग गणित अडतं कुठे?

साडीवाल्या मावशींचा धंदा मोबाइलवर आला

रीसेलिंग नवीन नाही. पेठेतून साड्या आणायच्या, ओळखीच्या घरी गाठोडं उघडायचं आणि हप्त्याने पैसे घ्यायचे, हा व्यवसाय गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षं केला. त्यात भांडवल कमी होतं. खरी पुंजी होती ती ओळख आणि विश्वास.

विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या मीशो या अ‍ॅपनं हाच धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर आणला. अ‍ॅपवरचे फोटो ओळखीच्या ग्रुपवर टाकायचे, किमतीत आपला नफा मिळवायचा, ऑर्डर नोंदवायची. माल पुरवठादाराकडून थेट ग्राहकाच्या घरी जायचा आणि नफा रीसेलरच्या खात्यात यायचा. माल घरात भरायची गरज नव्हती. म्हणूनच गृहिणींमध्ये हे मॉडेल झपाट्यानं पसरलं. २०१९ मध्ये फेसबुकनंही मीशोत पैसे गुंतवले.

पुढे चित्र बदललं. व्हॉट्सअ‍ॅपवर ५५० रुपयांना मिळणारा कुर्ता अ‍ॅपवर ४०० रुपयांना आहे, हे ग्राहकाला स्वतःच्या मोबाइलवर दिसू लागलं. मग मधल्या माणसाला १५० रुपये कोण देणार? मीशोही हळूहळू रीसेलरऐवजी थेट ग्राहकाकडे वळली. २०२१ मध्ये तिनं विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती शेअर बाजारात आली. अशाच धाटणीचं शॉप१०१ हे अ‍ॅप २०२१ मध्ये ग्लान्सनं घेतलं, तर ग्लोरोड २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननं.

म्हणजे कंपन्या पुढे गेल्या. फोटो फॉरवर्ड करून मिळणारा नफा मात्र आटत गेला. त्यामुळे आज रीसेलिंग करणारे बरेच जण स्वतःच विक्रेते होतात. घाऊक माल घेतात, अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर खातं उघडतात आणि विकतात. इथे माल अंगावर असतो, जोखीमही.

१०० ऑर्डरचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येक वस्तूचे आणि प्लॅटफॉर्मचे दर वेगळे असतात.

समजा, घाऊक बाजारात २२० रुपयांना घेतलेला कुर्ता जीएसटी धरून ३९९ रुपयांना विकला. ५ टक्के जीएसटीचे १९ रुपये गेले. प्लॅटफॉर्मचं शुल्क आणि वाहतूक मिळून ८० रुपये, पिशवी, लेबल, चिकटपट्टीचे १२ रुपये. माल ग्राहकाकडे राहिला, तर एका कुर्त्यामागे उरले ६८ रुपये.

आता अशा १०० ऑर्डर गेल्या. ७० माल पोहोचले आणि ३० परत आले. त्यातल्या १८ जणांनी दारातच पार्सल नाकारलं, तर १२ जणांनी घेऊन नंतर परत केलं.

- ७० यशस्वी ऑर्डरचे: ४,७६० रुपये
- नाकारलेल्या १८ पार्सलचं वाया गेलेलं पॅकिंग: २१६ रुपये वजा
- ग्राहकानं परत केलेल्या १२ पार्सलचं पॅकिंग आणि परतीचा खर्च, प्रत्येकी १६२ रुपये: १,९४४ रुपये वजा
- परत आलेल्यांपैकी पुन्हा विकता न येणारे ५ कुर्ते: १,१०० रुपये वजा
- अ‍ॅपवरच्या जाहिराती, ऑर्डरमागे १० रुपये: १,००० रुपये वजा

हातात उरले ५०० रुपये.

स्क्रीनशॉटवर मात्र ३९,९०० रुपयांच्या ऑर्डर दिसतात. एका ऑर्डरमागे पॅकिंग, परत आलेला माल तपासणं, तक्रारी यात १५ मिनिटं गेली असं धरलं, तरी २५ तासांचं काम झालं. ताशी मजुरी पडली २० रुपये.

याच हिशोबात परत येणारी पार्सलं ३० वरून १५ वर आणली आणि त्यातले फक्त २ कुर्ते वाया गेले, तर उरतात ३,२६० रुपये. किंमत तीच, माल तोच, कमाई साडेसहा पट. या धंद्याचा नफा ‘किती विकलं’ यापेक्षा ‘किती परत आलं’ यावर ठरतो तो असा.

कपडे आणि चपलांमध्ये माप चुकतं, रंग फोटोसारखा निघत नाही, म्हणून परतावा जास्त असतो. कॅश ऑन डिलिव्हरीत तर ग्राहकाचा एकही रुपया अडकलेला नसतो, त्यामुळे दारातून पार्सल फिरवणं सोपं असतं. शिवाय सुरतेच्या एकाच पुरवठादाराचा एकच फोटो अनेक विक्रेते वापरतात. मग फरक उरतो तो फक्त किमतीचा, आणि प्रत्येक जण पाच-दहा रुपये उतरवत जातो.

जीएसटी नंबर लागतोच का?

पूर्वी ऑनलाइन माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली. वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात मालासाठी असलेल्या ४० लाखांच्या मर्यादेत असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन विक्री करता येते.

पण अट मोठी आहे. विक्री स्वतःच्या राज्यातच करायची. वरव्यातून नागपूरला पार्सल पाठवता येईल, गावाजवळचा महामार्ग ज्या बंगळुरूला जातो तिथे मात्र नाही. शिवाय घाऊक खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

नोंदणी केली तर देश खुला होतो, पण विवरणपत्रं भरावी लागतात आणि कर सल्लागाराची फी सुरू होते. प्लॅटफॉर्म जीएसटीपोटी ०.५ टक्के रक्कम आधीच कापून घेतो. आयकराचा ०.१ टक्का टीडीएसही कापला जातो. पॅन दिलेल्या वैयक्तिक विक्रेत्याला वर्षाला ५ लाखांपर्यंत त्यातून सूट आहे. हे पैसे बुडत नाहीत, पण विवरणपत्र भरेपर्यंत अडकून राहतात. थोड्या भांडवलाच्या धंद्यात तेही जड जातं.

‘फर्स्ट कॉपी’ विकली तर?

नामांकित ब्रँडसारखे दिसणारे बूट किंवा घड्याळं ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकणं हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार खोट्या ट्रेडमार्कचा माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘मी फक्त रीसेलर आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही. तो माल खोटा आहे हे माहीत नव्हतं, आपण खबरदारी घेतली होती, हे विक्रेत्यालाच सिद्ध करावं लागतं.

सुपरमार्केटमधून स्वस्तात घेतलेली वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकणंही नियमबाह्य आहे. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं दिल्ली आणि तमिळनाडूत अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टशी संबंधित गोदामांवर छापे टाकून प्रमाणित नसलेला माल जप्त केला होता. अशा कारवाईत मोठी कंपनी तग धरते. लहान विक्रेत्याचं भांडवलच जातं.

पैसे मागणारी ‘संधी’

या धंद्याभोवती आणखी एक धंदा उभा राहिला आहे, तो रीसेलिंग शिकवण्याचा. हजारो रुपयांचे कोर्स, ‘हमखास नफ्याचं’ दुकान तयार करून देण्याची पॅकेजेस, नोंदणीसाठी अनामत मागणारी अनोळखी अ‍ॅप्स. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विक्रेता म्हणून खातं उघडायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे खातं उघडून देण्यासाठी किंवा ‘ऑर्डर अनलॉक’ करण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबणं शहाणपणाचं. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

दुसरा धोका नावाचा. ‘तुमच्या नावावर जीएसटी काढतो, महिन्याला भाडं देतो’ असं सांगून कागदपत्रं मागितली जातात. त्या नंबरवर दुसऱ्यानं काहीही विकलं, तरी कराची नोटीस ज्याच्या नावावर नंबर आहे त्याच्याच घरी येते.

मग हे कुणाला परवडतं?

रीसेलिंगमधून पैसे मिळतात, पण ज्याच्याकडे इतरांकडे नसलेलं काहीतरी आहे त्याला. ते कधी पुरवठादाराशी थेट ओळखीमुळे मिळणारा कमी दर असतो, कधी मालाची पारख, कधी पुन्हा पुन्हा येणारा ग्राहक.

भोर तालुका भातासाठी, त्यातही इंद्रायणी तांदळासाठी ओळखला जातो. ओळखीच्या शेतकऱ्यांकडून तांदूळ घेऊन पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये विकणं हेही रीसेलिंगच. त्यासाठी अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी आणि पाकिटावर वजन, किंमत, पत्ता हे सगळं लागतं. कुरिअरनं पाच किलोची पिशवी लांब पाठवली, तर भाडंच नफा खातं. पण पुणे जवळ आहे, तांदळाचं माप चुकत नाही आणि आवडला तर ग्राहक दर महिन्याला मागतो. कुर्त्याचा ग्राहक अ‍ॅपचा असतो. तांदळाचा ग्राहक विक्रेत्याचा राहतो.

सुरुवात करायची असेल, तर १५-२० नगांनी करावी आणि पहिल्या महिन्यात वहीत एकच रकाना नीट भरावा: किती परत आलं आणि त्यावर किती खर्च झाला. तो आकडा पाहूनच पुढचा माल भरायचा की नाही, हे ठरवावं. कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून माल भरण्याइतका भरवशाचा हा धंदा नाही.