ताप उतरल्यावरचे दिवस

पावसाळा सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारपेठांतील घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : ताप गेला, पण अंगात त्राण नाही. डेंग्यू किंवा चिकुनगुनियाचा ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. अशक्तपणा मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. चिकुनगुनियात सांधेही महिनोन्‌महिने ठणकतात. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती आणि २००६ मध्ये तो राज्याच्या अनेक भागांत पुन्हा पसरला. कोविडनंतर दीर्घकाळ राहणाऱ्या अशा त्रासाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये निश्चित केली. म्हणजे हा थकवा आळस नव्हे.

तरीही ताप उतरताच दुकान उघडणे व्यापारी घरात कर्तव्य मानले जाते. घरच्या स्त्रीला तर तेवढीही उसंत नसते. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी साचलेले सारे काम उपसले, की पुढचे काही दिवस पुन्हा अंथरुणात जातात. कामाचे लहान वाटे करावेत आणि थकण्यापूर्वीच विसावा घ्यावा. याच सुमारास पर्युषण येते. आजारातून उठलेल्याने उपवासाचा संकल्प डॉक्टरांना विचारून, यथाशक्तीच करावा.

मात्र थकवा नेहमी विषाणूचाच असेल, असे नाही. गडचिरोलीत हिवतापाचा जोर मोठा आहे. ताप उलटल्यास रक्त लगेच तपासावे. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड यांचीही खात्री करून घ्यावी.

दुकान आठ दिवस उशिरा उघडल्याने ग्राहक तुटत नाही. आरोग्याचे मुद्दल मात्र जपावेच लागते.